दीडशे शब्दांत विचारा

या संवादातल्या दोघांची नावं देत नाही. नाव दिलं की पाठोपाठ जाहिरात येते, असं मामांचं म्हणणं आहे आणि या एका बाबतीत तरी भाचीचा त्यांना विरोध नाही.

मामा म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर. कोकणातली पाच-सहा पोस्टं सांभाळून आता पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत राहतात. भाचीचं महाडच्या बाजारपेठेत दुकान आहे. नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, फणसपोळी. निम्मा माल गल्ल्यावर खपतो, निम्मा मोबाईलवर. नोव्हेंबर उजाडला की मामा एसटीने खाली उतरतात, कारण पेन्शनरने आपण हयात असल्याचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा असतो. पूर्वी तो सही करून देत. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला. आधी अंगठा, मग २०२१ पासून चेहराही चालू लागला. मामांच्या अंगठ्याच्या रेषा शिक्के मारून आणि भात कापून झिजल्यात, त्यामुळे त्यांच्यापुढे चेहराच उरला. मी आगळ घ्यायला गेलो तेव्हा भाची त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून उभी होती.

“मान सरळ. चेहरा गोलात आणा. आता डोळे मिचकावा.”

“मिचकावले.”

“दोन्ही, मामा.”

एकदाचं जमलं. मामांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, तर पडद्यावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. ते माझ्याकडे वळले. “गंमत बघा. सरकारला मी जिवंत आहे की नाही याची खात्री नाही, आणि या तेलवाल्याला माझा गुडघा दुखतो हेसुद्धा ठाऊक. डावा की उजवा एवढंच विचारायचं राहिलंय.”

तिथून जे सुरू झालं ते जेवणाची वेळ टळून गेली तरी संपेना. आठवेल तसं उतरवून काढतो.

मामा : परवा पडवीत बसून तुझ्या मामीला म्हटलं, गुडघा धरलाय. संध्याकाळी तेल हजर. हा फोन कान देऊन बसलेला असतो.

भाची : फोन ऐकत असता तर त्याला कळलं असतं की तुम्ही विकतचं तेल घेणाऱ्यांतले नाही. ऐकायची गरजच नसते हो. वय तुम्हीच फेसबुकला सांगितलंत, वाढदिवसाच्या शुभेच्छा हव्या होत्या ना! दिवाळीत दादा आला, त्याने तुमच्याच वायफायवर हाडांचा डॉक्टर शोधला. आणि मागच्या आठवड्यात गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ आला, तो तुम्ही उघडला नाहीत, पण तिथे तुमचा अंगठा थांबला.

मामा : थांबला तर काय झालं?

भाची : तेवढंच लागतं. दाबलं, लिहिलं, विकत घेतलं, हे सगळं नंतरचं. किती वेळ थांबलात हे आधी मोजलं जातं. तुम्ही एखादं पान उघडता, ते पुरतं दिसायच्या आत तुमच्या नजरेचा लिलाव होऊन जातो. साठीच्या पुढचा पुरुष, महाडच्या आसपास, गुडघ्यापाशी थांबणारा. कोण किती देतो? यंत्रंच बोली लावतात, यंत्रंच हातोडा मारतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मामा : आणि हे तुला इतकं बारीक कसं माहीत?

भाची : मीही बोली लावते म्हणून.

तिने आम्हाला फेसबुकवरचा आपला जाहिरातीचा पडदा दाखवला. नकाशात डोंबिवलीवर पिन टोचलेली, भोवती निळं वर्तुळ. वर्तुळ बोटाने ओढून दिवा आणि मुंब्र्यापर्यंत वाढवता येत होतं. खाली वयाची पट्टी, तीसपासून पासष्टपर्यंत. त्याखाली आवडीनिवडी : कोकण, गणेशोत्सव, घरगुती खाद्यपदार्थ. उजवीकडे एक काटा, तुमची जाहिरात बघू शकतील अशी माणसं फार आहेत की थोडी ते सांगणारा. गणपतीच्या आधी महिनाभर ती रोज थोडे पैसे घालते आणि पोलादपूरचा चाकरमानी डोंबिवलीत बसून नाचणीचे पापड मागवतो.

भाची : वर्तमानपत्रात चौकोनभर जाहिरात द्यायची माझी ऐपत नाही. मुंबईत दुकान नाही. या निळ्या वर्तुळावर माझं घर चालतं, मामा. तुम्हाला त्यात पाळत दिसते, मला गिऱ्हाईक दिसतं. आणि मनाला येईल तसं निवडताही येत नाही. आजार, धर्म, राजकीय मतं यांवरून माणसं निवडायचे पर्याय कंपनीने २०२२ च्या जानेवारीत काढून टाकले.

मामा : मग माझा गुडघा?

भाची : गुडघा आजारात नाही आला. वयात आला.

(हे उत्तर मला आवडलं. पण ते समाधानकारक आहे असं कुणी समजू नये. दारातून घालवलेलं कुत्रं खिडकीतून आत आलं, एवढाच त्याचा अर्थ.)

मामांकडे कात्रणांची फाईल असते. पोस्टात असताना न खपलेली मासिकं वाचायची सवय लागली, ती गेली नाही.

मामा : ऐकायची गरज नाही म्हणतेस, मग हे काय? २०१८ साली फेसबुकने अमेरिकेत केलेला एक पेटंटचा अर्ज उघड झाला. टीव्हीवरच्या जाहिरातीत माणसाच्या कानाला न कळणारा आवाज पेरायचा. तो आला की फोनने आपसूक खोलीतला आवाज टिपायचा. म्हणजे जाहिरात लागली तेव्हा कोण समोर होतं ते कंपनीला समजेल.

भाची : कंपनीने लगेच सांगितलं होतं, हे आम्ही कुठे वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही. दुसऱ्या कुणी ही युक्ती आमच्याविरुद्ध वापरू नये म्हणून आधी अर्ज करून ठेवला.

मामा : म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून ठेवलं, आणि नांगर धरणार नाही म्हणतात.

भाची : हसा. पण तुमच्या फाईलीत ते कात्रण आलं कुठून? पेटंट हवं तर युक्ती उघड लिहून द्यावी लागते. वीस वर्षं हक्क तुझा, त्या बदल्यात सगळ्या जगाला सांग. कंपनीच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कळतं ते या अर्जांवरूनच. गुपचूप ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता?

हा मुद्दा मामांनी मान्य केला, पण भाचीला सुखाने बसू देतील तर ते मामा कसले. एका बोटात खरेदी, यावर ॲमेझॉनचा अमेरिकेत १९९९ पासून २०१७ पर्यंत हक्क होता, हे त्यांनी ऐकवलं. नुसतं बटण दाबायचा हक्क! आपल्याकडच्या पेटंट कायद्यात निव्वळ संगणक-प्रणालीला पेटंट मिळत नाही, हे भाचीने ऐकवलं. मग गाडी भिसेंवर आली. मुंबईचे शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७. छपाईचे खिळे पाडणारं यंत्र काढलं, लंडन गाठलं, दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी भांडवलदार शोधले, पुढे टाटांनी पैसा घातला. डझनावारी पेटंटं नावावर असून त्या यंत्राचा बाजारात जम बसला नाही. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. मामांचं म्हणणं, पेटंट हा गरिबाचा हक्क असल्याचं सांगतात, पण तो राबवायला वकील लागतो आणि वकील गरिबाचा नसतो.

भाची : हळदीचं विसरलात.

मामा : हळदीचंच सांगणार होतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं : जखम भरायला हळद लावणे. आपल्याकडे पोर खरचटून आलं की बाई आधी हळद दाबते, मग धपाटा घालते. पण तिथल्या कचेरीत ‘आमची आजी लावायची’ हा पुरावा चालत नाही. छापील हवा. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, आपले गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या लोकांनी संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत बत्तीस दाखले गोळा केले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. जे कागदावर नाही, ते घडलंच नाही. पोस्टातही हाच नियम होता.

भाची : बरं झालं पोस्टाचं नाव काढलंत. पाळतीवर तुम्ही तरी बोलू नये. गावभरची कार्डं कोण वाचायचं?

मामा : मी वाचायचो. नाकारू कशाला? कितीतरी घरांत वाचता येणारं कुणी नव्हतं. मीच वाचून दाखवायचो, उत्तरही मीच लिहायचो. मुंबईहून या महिन्यात मुलाची मनिऑर्डर आली नाही, हे त्याच्या आईच्या आधी मला कळायचं. पण बाय, मी वाचतो हे गावाला माहीत होतं. मी कुठे बसतो, कुणाशी बोलतो, माझ्या पोटात किती राहतं, हे गाव बघत होतं. एका घरातलं दुसऱ्या घरात सांगितलं असतं तर मला कुणी ओटीवर बसू दिलं नसतं. मी त्यांना बघत होतो, ते मला बघत होते. तेलवाल्याच्या घरात मला बघता येतं का?

भाची : गावाची नजर एवढी गोड वाटते तुम्हाला, कारण तुम्ही पुरुष आणि वर पोस्टमास्तर. मी बारावीत असताना कुठल्या एसटीने आले, शेजारच्या सीटवर कोण होतं, ओढणी कुठे होती, सगळ्याची नोंद घरी पोचायच्या आत आईकडे. त्यापेक्षा फेसबुकची नजर परवडली. त्याला माझं सगळं माहीत आहे, पण ते आईला जाऊन सांगत नाही.

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ‘पूर्वी सगळे एकमेकांना ओळखत’ असं हळव्या आवाजात म्हणणाऱ्यांनी हे वाक्य एकदा घरातल्या मुलींना वाचून दाखवावं.

मामांनी चहा मागवला आणि चहाबरोबर कायदा काढला.

मामा : मी कार्डं वाचली ती उघडी असत म्हणून. पाकीट फोडायला हुकूम लागायचा. १८९८ च्या टपाल कायद्याचं कलम २६. सार्वजनिक आणीबाणी किंवा लोकांची सुरक्षितता असेल तरच. १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तो अधिकार वाढवणारं विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं, पण ग्यानी झैलसिंगांनी सही केली नाही. नाही म्हणाले नाहीत, परत पाठवलं नाही, ठेवून दिलं. कागदावर बसून राहायची कला फक्त आम्हा टपालवाल्यांकडे असते असं मला वाटायचं.

भाची : आणि आता?

मामा : आता २०२३ चा नवा टपाल कायदा, लागू झाला १८ जून २०२४ ला. कलम ९. राष्ट्राची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणं आहेतच, शिवाय कुठल्याही कायद्याचा भंग झाला तरी टपाल अडवता येतं, उघडता येतं. लोक पत्र लिहायचे तेव्हा राष्ट्रपती सही करीनात, आणि लोकांनी लिहायचं सोडल्यावर कायदा झाला.

भाची : मग काळजी कशाला? बघू दे ना सरकारला. मामा, आपण महाडात बसलोय. सरकारने पाळत ठेवली म्हणून तर आपल्याला आपला इतिहास मिळाला. १९२७ च्या वीस मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, मनुस्मृती जाळली. त्याच्या नोंदी कुठे आहेत? महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा इंग्रजी खंड काढला, त्यात वर्तमानपत्रांच्या बातम्यांबरोबर सरकारी दप्तरातले पोलिसांचे अहवालही आहेत. कोण किती वाजता बोलला, काय बोलला. गुप्त पोलिसाने लिहून ठेवलं म्हणून उरलं. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हे आत्ता तुम्हीच म्हणालात.

मला वाटलं, आता मामा अडकले. ते चहा संपवेपर्यंत गप्प होते.

मामा : खरंय. त्या गुप्त पोलिसाचे उपकार मानायला माझी हरकत नाही. पण त्याने ते तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं. तळं अस्पृश्यांनाही खुलं आहे असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. लोकांनी खरंच पाणी प्यायल्यावर १९२७ च्या ऑगस्टात तो फिरवला. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली. ती केस उच्च न्यायालयात संपायला १९३७ साल उजाडलं. नोंदी मात्र फक्त पाणी पिणाऱ्यांच्या. तळं अडवणाऱ्यांच्या बैठकीत कोण काय बोललं, याचा अहवाल मला दाखव. नजर कुणावर ठेवायची ते आधीच ठरलेलं असतं, आणि ती ठेवायची की नाही हे ज्याच्यावर ठेवतात तो ठरवत नाही.

भाची : तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं.

मामा : तार कायदा १८८५ चा, तोही इंग्रजांचाच, आणि फोन ऐकायचा अधिकार आपण स्वतंत्र झाल्यावरही त्याच कायद्याने दिला. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये शिस्त लावली : हुकूम गृहसचिवाने काढायचा आणि समितीने तो तपासायचा. समितीत कोण? तेही सचिवच. किती फोन ऐकतात? २०१३ साली माहिती अधिकारात केंद्राने उत्तर दिलं होतं, महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार हुकूम. दिवसाचे अडीचशे-तीनशे. तू गृहसचिव असतीस तर दिवसाला तीनशे कागद वाचून सही केली असतीस?

भाची : वाचून नाही केली असती.

मामा : पुढे पेगॅसस या फोनमध्ये घुसणाऱ्या हेर-सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं. सुप्रीम कोर्टाने समिती नेमली. एकोणतीस फोन तपासले, पाचांत काहीतरी घुसलेलं सापडलं, पण ते पेगॅससच का, हे ठरवता आलं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असं त्या समितीने सांगितल्याचं सरन्यायाधीशांनी भर कोर्टात ऐकवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

भाची : मामा, सगळं काळं रंगवू नका. पीक पाहणी घ्या. पूर्वी चावडीत बसून सातबाऱ्यावर पीक लिहिलं जायचं. शेतात नाचणी, कागदावर गवत. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपणच आपल्या शेतात उभं राहून फोटो काढायचा. नोंद ज्याची त्याच्या हातात.

मामा : काढतो की. आमची वरकस जमीन डोंगराच्या कुशीत. भात खाली खाचरात, नाचणी वर. गट नंबर निवडायचा, ॲप म्हणतं गटात जाऊन उभे राहा. पावसात निसरड्यावरून वर चढायचं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. मग नाचणीपुढे उभं राहून फोटो. वर रेंज नाही, म्हणून फोटो फोनमध्येच राहतो. खाली रस्त्यावर आलं, दोन काड्या दिसल्या, की मग जातो. माझी तक्रार नाही हं. पूर्वी नोंदीसाठी चावडीचे खेटे घालायचो, आता डोंगराचे घालतो, तब्येतीला बरं. पण एक बघ. माझी नाचणी कुठल्या अक्षांश-रेखांशावर उभी आहे ते मुंबईत दिसतं. त्या नाचणीवरचा डोंगर कसा उभा आहे ते दिसतं का?

दुकान थोडा वेळ शांत झालं. भाचीच्या मागच्या भिंतीवर, वरच्या फळीच्याही वर, २०२१ च्या पुराच्या पाण्याची रेघ आहे. त्या जुलैत सावित्री आणि गांधारी नद्या बाजारपेठेत शिरल्या, वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. २२ तारखेला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडीही त्याच पावसात दरडीखाली आल्या. तळियेत मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण रस्ते बंद, फोन बंद.

भाची : त्या दिवशी मी वरच्या मजल्यावर होते. फोनला रेंज आली ती तिसऱ्या दिवशी. पहिला मेसेज कशाचा होता सांगू? पावसाळी चपलांवर सूट.

मामा : तेच म्हणतोय. मला चप्पल हवी हे कळतं, डोंगर खाली येतोय हे कळत नाही.

भाची : तेव्हा कळत नव्हतं, आता थोडं कळतं. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते ना? तुम्ही हातातला टाकून दिलात तो! ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. ठरावीक मनोऱ्यांखालच्या सगळ्या फोनांना एका वेळी इशारा जातो, नंबर कुणाचा ते माहीत असायची गरजही नाही. तंत्र वाईट नसतं, मामा. तुमचं नाव-गाव न विचारता तुम्हाला वाचवणारं तंत्रही आहे. त्याला फक्त लिलावात कुणी बोली लावत नाही.

मला विचाराल तर दुपारभरातलं हे सगळ्यात नेमकं वाक्य, आणि ते जाहिरात विकत घेणाऱ्या बाईने म्हटलं.

मामा मात्र आता वेगळ्याच वाटेने आले.

मामा : तुझ्या वहीत गिऱ्हाइकांचे नंबर किती?

भाची : असतील बरेच. का?

मामा : त्यांना विचारून ठेवलेस?

भाची : ऑर्डर दिली, नंबर आला. विचारायचं काय त्यात?

मामा : २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तुलाही आहे. त्यात म्हटलंय, संमती हवी, आणि कुणी म्हणालं पुसून टाक तर पुसायला हवं. चुकार कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंड. तुझ्यामागे कुणी येणार नाही, पण माहीत असू दे. आणि त्याच कायद्यात असंही आहे की सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या ज्या संस्थेचं नाव अधिसूचनेत घालेल, तिला हा कायदा लागू नाही.

भाची : म्हणजे मी पापडवाली कायद्यात आणि पाळतवाले बाहेर.

मामा : अजून आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारायची तर जनहिताशी तिचा संबंध नाही हे बघावं लागायचं. आता नुसतं ‘वैयक्तिक’ म्हटलं की पुरे. माहिती अधिकार आपल्या महाराष्ट्रात २००२ मध्ये आला, दिल्लीत २००५ मध्ये. लोकांनी सरकारकडे बघायची तेवढी एक खिडकी होती. पडदा लावताना नाव कुणाचं घेतलं, तर आपल्याच खासगीपणाचं.

भाची : कलम ८(२) अजून आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. मीही कधीमधी वाचते, मामा.

मामा : मग वाचून काय करतेस? समोरच्या खांबावर कॅमेरा लावलाय. कुणाचा आहे?

भाचीने दारातून वर पाहिलं. मीही पाहिलं. कॅमेरा दुकानाच्या दारावर रोखलेला. रोज त्याच्याखालून ये-जा करणाऱ्या आम्हा दोघांनाही तो पोलिसांचा, नगरपालिकेचा की शेजारच्या सराफाचा, सांगता येईना.

“लिही,” मामा म्हणाले. “विषय : बाजारपेठेतील कॅमेरे. एक, कॅमेरे एकूण किती, कुठे, कुणाच्या खर्चाने. दोन, चित्रण कुठे साठवतात, किती दिवस. तीन, ते बघायचा अधिकार कुणाला, कुठल्या आदेशाने. आदेशाची प्रत. चार, गेल्या वर्षात चित्रण कुणाकुणाला दिलं. पाच, चालू किती आणि बंद किती. आणि त्याखाली आणखी एक, ई-पीक पाहणीचे फोटो—”

“थांबा,” भाची म्हणाली. “तो विषय वेगळा झाला.”

महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे : माहिती अधिकाराच्या एका अर्जात विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत. सरकारने तुम्हाला काय काय विचारावं याला असली मर्यादा मी कुठल्याही फॉर्मवर पाहिलेली नाही; आईचं नाव, नवऱ्याचा आधार, चेहरा, अंगठा आणि डोळे मिचकावणं, सगळं चालतं. मामांनी कुरकुर करत पीक पाहणीचा प्रश्न दुसऱ्या अर्जासाठी राखून ठेवला. पहिला अर्ज शंभर शब्दांच्या आत बसला. टपाल खात्यात जन्म गेलेला माणूस, तारेच्या शब्दांचे पैसे मोजायची सवय.

पत्ता मामांनी आपल्या हाताने लिहिला आणि पाकीट रजिस्टर करायला स्वतः पोस्टात गेले. वाटेत कुणी फोडलं तर, असं भाचीने विचारलं. मामा म्हणाले, फोडू दे, आतही तेच लिहिलंय.

तुमच्या नाक्यावरच्या खांबावर काय लटकतंय ते तुम्हालाही विचारता येईल. कोऱ्या कागदावरचा अर्ज चालतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. का विचारताय, हे सांगायची गरज नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.